बिनपाण्याचा बंब

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी माझ्या सासऱ्यांशी एक शब्दही बोलले नाही. भांडण वगैरे काही नव्हतं, आमच्यात तशी रीतच होती. सुनेनं सासऱ्यापुढं पदर घेऊन जायचं, नजर खाली ठेवायची आणि काय सांगायचं ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर सांगायचं. माहेरी माझी जीभ सगळ्या गल्लीला ठाऊक होती. तिला तीन वर्षं गप्प बसवणं माझ्या आईला कधी जमलं नव्हतं, ते त्या रीतीनं करून दाखवलं.

आम्ही तेव्हा चिंचवडला राहत होतो. नवरा आकुर्डीला एका कंपनीत फिटर होता. दोन खोल्या, मागं पत्र्याची पडवी आणि पडवीच्या कोपऱ्यात मोरी, एवढा आमचा संसार. सासरे, म्हणजे मामंजी, आधी चाकणच्या पुढं आमच्या गावी थोरल्या दिरांकडं असायचे. सासूबाई गेल्या त्या वर्षी थोरल्या दिरांनी शेतीचा सगळा कारभार आपल्याकडं घेतला आणि वडिलांना सांगितलं, आबा, आता तुम्ही बसून खायचं. सांगितलं चांगल्या मनानंच. पण बसून खाण्याइतकं अवघड काम मामंजींनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. सहा महिन्यांत ते एक ट्रंक घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

आमच्याकडं तरी काय काम असणार? पायरीवर बसायचे, रस्त्यावरून जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या मोजायचे, भोंगा झाला की उगीच उठून उभे राहायचे. मला त्यांची कीवही यायची आणि रागही यायचा, कारण दोन खोल्यांत एक रिकामा माणूस चार माणसांची जागा अडवतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना पडवीतला बंब दिसला.

बंब माझ्या माहेरचा, लग्नात आलेला. तांब्याचा, पोटात दोन घागरी पाणी मावेल एवढा. मधून उभी नळी, नळीत विस्तव, नळीभोवती पाणी, खाली तोटी. मी तो पेटवायचा कंटाळा करायची. ढलप्या फोडा, फुंकर मारा, धूर खा, त्यापेक्षा स्टोव्हवर पातेलं ठेवलं की भागलं. मामंजींनी तो बंब चिंचेनं घासून असा लखलखीत केला की मला माझीच लाज वाटली. मग नवऱ्यानं कंपनीतून खोक्यांच्या मोडक्या फळ्या स्वस्तात आणल्या, मामंजींनी त्या कोयत्यानं बारीक केल्या, जाड एकीकडं आणि बारीक एकीकडं रचल्या आणि बंब आपल्या ताब्यात घेतला.

त्या दिवसापासून पहाटे पाचला आमच्या पडवीत पाणी कढत असायचं. नवऱ्याची पहिली पाळी, त्याला सहाला बाहेर पडायचं असे. त्याची अंघोळ, मग माझी, मग पोरीची. शेवटी उरलेलं पाणी शेजारीण बादली घेऊन मागायला यायची आणि मामंजी तिला ते अशा थाटात द्यायचे, जशी काही विहीर त्यांच्या मालकीची आहे. पायरीवर बसणं संपलं. नवरा कामावर जाताना "येतो आबा" म्हणायचा, तेव्हा ते मान हलवायचे ती आपलं काम उरकून बसलेल्या माणसासारखी.

आता त्यात एक अडचण होती. बंब भरायचा मी आणि पेटवायचा त्यांनी. ते मला विचारणार नाहीत आणि मी त्यांना सांगणार नाही. दिवसा आमचा कारभार दीड वर्षाच्या पोरीमार्फत चालायचा. तिला कडेवर घेऊन मी म्हणायची, "आजोबांना म्हणावं, चहा निवतोय." पोर बोटं चोखत बसायची आणि मामंजी चहाला यायचे. पण पहाटे पोर झोपलेली, मग निरोप कोण देणार? त्यावर कुणी न ठरवता एक खूण ठरून गेली. मी बंब भरला की झाकणावर तांब्या उपडा घालायची. पहाटे तांब्या दिसला की मामंजी काडी ओढायचे. झाकण उघडून आत बघायचे नाहीत. सुनेनं घातलेल्या तांब्यावर शंका घेणं म्हणजे सुनेवरच शंका घेणं, असं त्यांना वाटत असावं.

थंडीचे दिवस होते. एका सोमवारी दुपारीच मी बंब भरला, तांब्या उपडा घातला आणि मोकळी झाले. संध्याकाळी नळाला पाणी आलं नाही. त्यातच पोरीचं पोट बिघडलं, दुपटी, चादर, गोधडी सगळं खराब झालं. पिंपातलं पाणी संपलं, तेव्हा मी बंबाची तोटी सोडली आणि त्यातलं सगळं पाणी काढून धुणं धुतलं. नळ आला की पुन्हा भरू म्हणून ठेवलं. नळ आलाही, पण मी पिंप भरलं, कळशी भरली, पोरीला मांडीवर घेतलं आणि तिच्यासोबत मलाही झोप लागली. तोटी खाली, झाकण वर. पाणी काढताना झाकणाला हात लावायची वेळच आली नव्हती. तांब्या होता तिथंच होता.

पहाटे मला जाग आली ती कसल्यातरी करपट वासानं. पडवीत गेले तर मामंजी चिमट्यानं नळीतले निखारे ओढून काढत होते. बंबाच्या बुडातून सांध्याची झाळ वितळून थेंबथेंब फरशीवर पडली होती आणि बंबाचं लाल अंग एका बाजूनं काळंनिळं झालं होतं. उपडा तांब्या बाजूला काढून ठेवलेला होता. मी तो बघितला आणि मला आदल्या संध्याकाळचं धुणं आठवलं.

मागून नवरा आला. काय झालं म्हणाला. मामंजींनी चिमटा खाली ठेवला आणि सांगितलं, "चुकी माझी झाली. पानी हाय का न्हाई ते बगितलंच न्हाई मी."

मी मूग गिळून गप्प बसले. सासऱ्यांसमोर बोलायचं नाही ही सबब हाताशी होतीच, पण ती सबबच होती. खरं कारण वेगळं होतं. महिन्यापूर्वीच मी रेशनकार्ड दुकानात विसरून आले होते. ते गेलं ते गेलंच. नवऱ्याला नव्या कार्डासाठी रजा टाकून कचेरीत खेपा घालाव्या लागल्या आणि घरात महिनाभर रॉकेलची बोंब झाली. तुझं लक्ष असतं कुठं, हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं होतं की ते आणखी एकदा ऐकायची माझी तयारी नव्हती. मी खोटं बोलले नाही, एवढंच मनाला सांगत राहिले.

नवरा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो संध्याकाळी शांतपणे माझ्याशी बोलला. आबांचं वय झालं. आज बंब जळाला, उद्या पडवी पेटेल, घरात लहान पोर आहे. विस्तवापाशी त्यांना आता ठेवायला नको. आणि हे काम काढून घेतलं तर ते इथं करणार काय? त्यापेक्षा गावी मोकळ्यावर बरे. त्यानं त्याच रात्री थोरल्या भावाला पत्र लिहिलं, की रविवारी येऊन आबांना घेऊन जा. बंब तांबटाला दाखवून ये म्हणाला, थोडक्यात होत असेल तर बघ, नाहीतर मोडीत घाल. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते असं. आणि चोर त्या संन्याशाला चहा करून देत होता.

त्या दोन दिवसांत स्टोव्हवर जेमतेम नवऱ्याचं आणि पोरीचं पाणी व्हायचं. मामंजींनी आपण होऊन गार पाण्यानं अंघोळ सुरू केली. पोरीला मांडीवर घेऊन मला ऐकू जाईल असं म्हणाले, आमाला गारच बरं वाटतंय. बुधवारी त्यांना खोकला लागला. तो मी भिंतीपलीकडून ऐकत पडून राहायची.

गुरुवारी आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी असायची, पण नवऱ्याला ओव्हरटाइमला बोलावलं होतं. बंब एकटीला उचलण्यासारखा नव्हता. मग पोरीला शेजारणीकडं ठेवलं, बंब गोणपाटात बांधला आणि पुण्याला तांबट आळीत जायला मी आणि मामंजी असे दोघंच निघालो. एक कान त्यांनी धरला, एक मी धरला. मधे बंब आणि वर पदर. आमचं टपालखातं शेजारणीकडं राहिलेलं, त्यामुळं थांबायचं असलं की ते खाकरायचे आणि उचलायचं असलं की मी बांगड्या वाजवायची. बसमध्ये कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं. हे सामान कुणाचं म्हणून विचारलं, तर आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायला लागलो. लोक हसले. एरवी मीसुद्धा हसले असते.

तांबट म्हातारा होता. ऐरणीपुढं बसून हातोडीनं परात मठारत होता. त्यानं बंब उताणा केला, बोट आत घातलं, नळीवर टिचकी मारली. चाळीस रुपये म्हणाला. मला तेच जास्त वाटले. मग त्यानं बूड सोडवून बघितलं आणि मान हलवली. नुसती झाळ सुटलेली नाही, नळीला चीर गेली आहे, बूडही बसलंय. नळी नवी घालायला लागेल, नव्वद होतील, आणि सोमवारच्या आत देता येणार नाही. नव्वद म्हणजे तेव्हा नवऱ्याच्या पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यानं दुसरीही वाट सांगितली. तांब्याचा भाव वर आहे, मोडीत घातलात तर मीच रोख पैसे देतो.

मग त्यानं सहज विचारलं, पेटवतं कोण? मामंजी म्हणाले, मी. पाणी बघितलं नव्हतं का? न्हाई बगितलं. तांबटानं त्यांच्या हातांकडं बघितलं. शेतकरी दिसता, म्हणाला. विस्तवाला हात लावायच्या आधी चार बाजूंनी बघणारा माणूस तुम्ही, असं कसं झालं? मामंजींनी गोणपाट पुढं ओढलं. गोणपाटाची घडी करत म्हणाले, "मोडीतच घाला. मी रविवारी गावाला चाललोय. पेटवाया कोनी न्हाई आता."

ते बोलले अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. आणि मला भडभडून आलं. तीन वर्षांची रीत, पदर, खाली घातलेली नजर, सगळं एकदम बाजूला राहिलं. मी तांबटाला सांगितलं, नवी नळी घाला, आणि कनवटीचे वीस रुपये काढून त्याच्यापुढं ठेवले. मग मामंजींकडं वळले.

"मामंजी, बंबातलं पाणी मी काढलं होतं. तांब्या तसाच राहिला."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "दांडीवर गोधडी वाळत हुती. नळाला पानी नसताना ती धुतली कशानं, येवढं कळतंय मला."

मी विचारलं, मग ह्यांना का नाही सांगितलंत?

"तुला हितं जलम काढायचाय पोरी. नवऱ्याच्या मनात बायकू एकदा इसरभोळी म्हून बसली की बसली. माजं काय, म्हातारं मानूस, इसरायचंच." मग गोणपाट काखोटीला मारत म्हणाले, "घरात काय बोलू नगंस. झाकली मूठ ऱ्हाऊ दे."

परत येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि बोललो नाही. पण ते न बोलणं आधीसारखं नव्हतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला नव्वदचा आकडा सांगितला. तो कपाळाला हात लावून बसला. दिवाळीच्या बोनसमधून पंख्यासाठी बाजूला काढलेले पैसे होते, ते आता यात जाणार. पंखा गेला तर गेला, पण आता बंब पेटवणार कोण, असं त्यानं विचारलं. मी पेटवीन म्हणाले. त्याला हसू आलं. मला एवढा राग आला की सांगता सोय नाही, आणि तो नवऱ्याचा कमी, माझाच जास्त होता. सांगू का, सांगू का करत शुक्रवार गेला, शनिवार गेला. मामंजींनी बोलू नको सांगितलंय, ही आणखी एक सबब मला मिळाली होती. सबबींना काय तोटा!

रविवारी तिसऱ्या प्रहरी, नवरा पाळीवरून येऊन हातपाय धूत होता, तेवढ्यात थोरले दीर आले. मामंजींची ट्रंक सकाळपासूनच दाराशी तयार होती. त्यांनी मुंडासं बांधलं होतं आणि पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. खोकला होताच. थोरले दीर माणूस वाईट नव्हते. त्यांनी वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि म्हणाले, आबा, आता गावी कशाला हात लावायचा नाही, चुलीपाशीसुद्धा जायचं नाही, निवांत बसायचं. मामंजी मान हलवत होते. त्यांनी पोरीला खाली ठेवलं आणि ट्रंकेची कडी धरली.

मी आतल्या दारात उभी होते. थोरल्या दिरांपुढं तर मी कधी उंबऱ्याबाहेरही आले नव्हते. पण आले.

"बंब त्यांच्या चुकीनं जळाला नाही," मी म्हणाले. "पाणी मी काढलं होतं आणि पुन्हा भरायला विसरले. मामंजींनी माझ्यासाठी आपल्यावर घेतलं. सहा दिवस मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. थोरले दीर जमिनीकडं बघायला लागले. नवऱ्यानं हातातला टॉवेल खांद्यावर टाकला आणि वडिलांना विचारलं, खरं आहे का आबा? मामंजी ट्रंकेची कडी उगीच खालवर करत राहिले. नवऱ्याला जे कळायचं ते कळलं. तो माझ्याकडं बघत होता. मी रेशनकार्डाची वाट बघत होते, तुझं लक्ष कुठं असतं याची वाट बघत होते. तो एवढंच म्हणाला, "सहा दिवस मी आबांबद्दल काय काय बोललो, ते तू ऐकत होतीस."

यापेक्षा त्यानं हात उगारला असता तर सोसलं असतं. त्यानं कधी उगारला नाही. पुढचे चार दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही आणि ते बरोबरच होतं.

मग नवऱ्यानं वडिलांच्या हातातली ट्रंक घेतली. जाऊ नका म्हणायला त्याचं तोंड होईना, नुसती कडी धरून उभा राहिला. मामंजींनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा थोरल्याकडं. मग मुंडासं सोडून खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, "उद्या बंब आनाया जायाचं हाय. पोरीला एकटीला त्यो उचलायचा न्हाई." हा निरोप त्यांनी कुणाला दिला ते कळलं नाही, पण थोरले दीर समजले. पुढं बरीच वर्षं मामंजी आमच्याकडंच होते.

थोरल्या दिरांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून मी घाईघाईनं पिठलं-भाकरी केली. तिघांची पानं मांडली. आमच्यात बायकांनी मागून जेवायचं, म्हणून मी वाढायला उभी राहिले, तर मामंजी म्हणाले, तू बी बस. मी बसले. थोरल्या दिरांनी घास घेतला आणि पाणी प्याले. नवऱ्यानं घास घेतला, माझ्याकडं न बघता गिळला. दोघं मुकाट्यानं खात राहिले. त्या दिवशी मला कुणीच काही बोलणार नाही, हे मला दिसत होतं.

मामंजींनी पहिला घास खाल्ला आणि भाकरी खाली ठेवली.

"पोरी," ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मीठ इसरलीस."

मी उठून मिठाची बरणी आणली.